इमारतीतील यंत्रणा एकमेकींना जोडताना आज्ञा कोणाची चालणार?

ऐरोलीतील आपल्या नऊ मजली कार्यालयीन इमारतीची स्थिती आपण कळवली आहे ती थोडक्यात अशी: तळघरात पाण्याने थंड होणारे दोन चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रे), गच्चीवर त्यांचे कूलिंग टॉवर, मजल्यागणिक दोन याप्रमाणे १८ एएचयू (मजल्यावर थंड हवा पुरवणारी यंत्रे), दोन डीजी (डिझेल जनरेटर), चार लिफ्ट, फायर अलार्मचे पॅनल, दारांवरचे ॲक्सेस कंट्रोल आणि भाडेकरूंसाठी ४० वीजमीटर. प्रत्येक यंत्रणेचे सॉफ्टवेअर निराळे असल्यामुळे नियंत्रण कक्षात सहा मॉनिटर आहेत आणि रात्रपाळीला त्यांच्यासमोर ऑपरेटर मात्र एकच. आता एका विक्रेत्याने हे सारे क्लाउडवरील एका प्रणालीत आणून संपूर्ण इमारत एकाच पडद्यावर दाखवण्याचा प्रस्ताव दिला आहे. तो स्वीकारावा का, आणि स्वीकारल्यास सुरुवात कोठून करावी, असा आपला प्रश्न आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या आणि वागळे इस्टेटमधल्या इमारतींत मी हेच काम बावीस वर्षे करीत आलो आहे, त्या आधारावर लिहितो.

या कामातला सर्वांत सोपा भाग म्हणजे पडदा एक करणे. चित्रे सुंदर काढता येतात, पंखा हिरवा फिरताना दाखवता येतो आणि सादरीकरणाच्या दिवशी मालक खूश होतो. खरी अडचण पडद्यामागे असते. माहिती वाचणे आणि आज्ञा देणे ही दोन कामे मुळातच वेगळी आहेत, पण प्रस्तावांमध्ये ती ‘इंटिग्रेशन’ या एकाच शब्दाखाली झाकली जातात. एका मीटरचा आकडा दहा प्रणालींनी वाचला तरी मीटरचे काही बिघडत नाही. एकाच पंपाला तीन प्रणाली आज्ञा देऊ लागल्या, तर पंपाने कोणाचे ऐकावे हे ठरवावेच लागते. आपण ते ठरवले नाही तर ज्याची आज्ञा सर्वांत शेवटी पोहोचली त्याचे तो ऐकतो, आणि ते कोण हे मग योगायोगावर राहते. म्हणून माझे उत्तर असे की वाचन सढळ हाताने जोडावे, आणि आज्ञेचा अधिकार मात्र एकेका उपकरणापुरता, कागदावर लिहून, हात आखडता घेऊनच द्यावा.

हा कागद म्हणजे ‘कॉज अँड इफेक्ट’ तक्ता. डाव्या बाजूला घटना लिहायच्या: सातव्या मजल्यावर धूर आढळला, महावितरणचा पुरवठा गेला, डीजीवर भार आला, पुरवठा परतला, चिलर ट्रिप झाला, कार्यालयीन वेळ संपली. वरच्या ओळीत उपकरणे लिहायची. प्रत्येक चौकटीत तीन गोष्टी हव्यात: आज्ञा कोण देतो, ती कोणत्या मार्गाने पोहोचते आणि ती मागे कोण घेतो. तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच सापडतो आणि नंतरच्या तक्रारींचा उगम तिथेच असतो. आपल्या आकाराच्या इमारतीसाठी हा तक्ता तयार करायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि त्यासाठी एसीचा, विजेचा, अग्निशमनाचा व लिफ्टचा असे चारही कंत्राटदार एकाच टेबलाभोवती बसावे लागतात. हे चौघे एकत्र बसवणे हेच बहुधा सर्वांत कठीण काम ठरते.

आज्ञा मागे घेण्याचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगतो. आपल्या इमारतीतील डीडीसी पॅनल (उपकरणांना जागेवरूनच चालवणारे छोटे संगणकीय नियंत्रक) बॅकनेट या प्रोटोकॉलवर, म्हणजे यंत्रांच्या आपसातील बोलीवर, चालतात. या प्रोटोकॉलचे काम ‘ॲश्रे’ या अमेरिकी संस्थेने १९८७ मध्ये हाती घेतले, १९९५ मध्ये तो तिचे १३५ क्रमांकाचे मानक म्हणून प्रसिद्ध झाला आणि २००३ मध्ये आयएसओनेही त्याला मान्यता दिली. त्यात आज्ञा स्वीकारणाऱ्या आउटपुटमागे प्राधान्याच्या १६ पायऱ्या असतात. पहिल्या दोन जीवितसुरक्षेसाठी, पाचवी उपकरणाच्या स्वतःच्या संरक्षणासाठी, आठवी ऑपरेटरच्या हाताने दिलेल्या आज्ञेसाठी, आणि सोळावी सर्वांत खालची. वेळापत्रक साधारणपणे खालच्या पायरीवर लिहिले जाते. वरच्या पायरीवर काही लिहिलेले असेल तोपर्यंत खालच्या पायरीवरचे काहीही लागू होत नाही, आणि वरची आज्ञा ‘बंद’ करणे म्हणजे ती सोडून देणे नव्हे; त्या पायरीवर रिकामी किंमत लिहिली तरच ती सुटते.

वाशीतील एका इमारतीत रविवारचे वीजबिल कमी होत नाही म्हणून मला बोलावले होते. वेळापत्रक अचूक होते, पडद्यावरचे चित्रही खरे होते. झाले होते ते असे की मे महिन्यातील एका उकाड्याच्या दुपारी ऑपरेटरने पाच एएचयू हाताने चालू केले, आठव्या पायरीवर ‘चालू’ लिहिले गेले, आणि ते कोणीच सोडले नाही. फेब्रुवारीपर्यंत ते पाच एएचयू रात्रंदिवस, सुट्ट्यांसकट चालत होते. ऑपरेटर बदलून गेलेला होता आणि नव्या ऑपरेटरला ही पायरी ठाऊकच नव्हती. यावर मी आता तीन अटी घालतो: हाताने दिलेली आज्ञा चार तासांनी आपोआप सुटावी, अशा आज्ञेखाली असलेल्या उपकरणाशेजारी पडद्यावर हाताचे चिन्ह ठळक दिसावे, आणि आठव्या पायरीवर अडकलेल्या सर्व पॉइंटची (प्रणालीत वाचल्या जाणाऱ्या किंवा आज्ञा घेणाऱ्या एकेका बाबीची) यादी दर सोमवारी व्यवस्थापकाच्या टेबलावर यावी. यातील एकाही अटीसाठी नवे उपकरण विकत घ्यावे लागत नाही. याच्याच जोडीला एमसीसी पॅनलवरचा, म्हणजे मोटरांच्या नियंत्रण पॅनलवरचा, ऑटो-मॅन्युअल स्विच पाहावा. तो मॅन्युअलवर असेल तर जगातील कोणत्याही सॉफ्टवेअरची आज्ञा त्या मोटरपर्यंत पोहोचत नाही, म्हणून त्या स्विचची स्थिती हा स्वतंत्र पॉइंट म्हणून घेतलाच पाहिजे. काटकसरीच्या नावाखाली सर्वप्रथम वगळला जातो तो हाच पॉइंट.

आगीच्या बाबतीत माझे मत ताठर आहे आणि ते तसेच राहील. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागानुसार आगीची सूचना मिळताच एएचयू आपोआप बंद झाले पाहिजेत. त्याच वेळी जिन्याच्या प्रेशरायझेशनचे (धूर आत येऊ नये म्हणून हवेचा दाब वाढवणारे) पंखे चालू व्हावे लागतात, लिफ्ट तळमजल्यावर यावी लागते आणि सुटकेच्या मार्गातील दारांची चुंबकीय कुलुपे सुटावी लागतात. या सर्व क्रिया फायर पॅनलच्या रिलेमधून (विजेने चालणाऱ्या स्विचमधून) थेट तारेने व्हायला हव्यात. बीएमएसने, म्हणजे इमारतीच्या यंत्रणांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रणालीने, त्या केवळ पाहाव्यात, त्यांची नोंद ठेवावी आणि ऑपरेटरला सांगावे. अनेक ठिकाणी तारांचा खर्च वाचवण्यासाठी फायर पॅनल गेटवेला (दोन प्रोटोकॉलमधल्या दुभाष्या उपकरणाला), गेटवे सर्व्हरला, सर्व्हर डीडीसीला आणि डीडीसी स्टार्टरला अशी साखळी केलेली आढळते. त्या साखळीतला सर्व्हर पहाटे दोन वाजता संगणकीय अपडेटसाठी बंद असेल, तर सातव्या मजल्यावरचा धूर एएचयूच इतरत्र नेऊन पोहोचवील. तपासणी सोपी आहे: बीएमएसचा सर्व्हर बंद करावा, एका मजल्यावरचे मॅन्युअल कॉल पॉइंट (आगीची सूचना देण्याचे बटण) दाबावे आणि काय काय घडते ते मजल्यावर उभे राहून पाहावे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमाखाली परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलैत ‘ब’ नमुन्याचे प्रमाणपत्र आपण घेतच असाल. त्याच दिवशी ही तपासणी जोडून घ्यावी, म्हणजे भाडेकरूंना वेगळा त्रास होत नाही.

ॲक्सेस कंट्रोलचेही तेच. दाराच्या कुलपाचा विद्युतपुरवठाच फायर पॅनलच्या रिलेने तोडला गेला पाहिजे. कार्ड दाखवणारा माणूस मजल्यावर आल्यावर दिवे व एसी चालू करण्यासारखी सोयीची कामे मात्र सॉफ्टवेअरमधून खुशाल करावीत.

तारांविषयी. बॅकनेटची एमएस-टीपी वाहिनी आणि मॉडबस आरटीयू ही दोन्ही आरएस-४८५ प्रकारच्या तारेवर धावतात, आणि ती तार एका उपकरणाकडून पुढच्या उपकरणाकडे अशी साखळीनेच गेली पाहिजे, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक हवा आणि शील्ड (तारेभोवतीचे धातूचे आवरण) एकाच टोकाला अर्थ केलेले हवे. वायरमन शाफ्टमध्ये सोयीप्रमाणे फाटे फोडतात, चाचणीच्या दिवशी सर्व काही चालते आणि लिफ्टचे व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारी उपकरणे) पूर्ण भाराने चालू लागले की उपकरणे आळीपाळीने गायब होऊ लागतात. आपल्या भागात आणखी एक शत्रू आहे. खाडीकडची खारी हवा आणि टीटीसी औद्योगिक पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांची वाफ यांमुळे गच्चीवरच्या पॅनलमधील तांब्याच्या टोकांवर दोन पावसाळ्यांत हिरवा थर चढतो. कूलिंग टॉवरजवळचे पॅनल नीट बंद होणारे घ्यावे, केबल खालून आत घ्यावी आणि दर ऑक्टोबरमध्ये टोके साफ करून पुन्हा आवळावीत. एका वाहिनीवर मी २५ पेक्षा अधिक उपकरणे ठेवत नाही, मग माहितीपत्रकात कितीही लिहिलेले असो.

मॉडबस हा १९७९ चा, मोडिकॉन कंपनीचा प्रोटोकॉल. तो साधा आहे म्हणूनच टिकला, पण त्यात आकड्याला नाव नसते आणि एककही नसते; केवळ रजिस्टरचा, म्हणजे माहितीच्या कप्प्याचा, क्रमांक असतो. काही उत्पादक रजिस्टर शून्यापासून मोजतात, काही एकपासून. ३२ बिटांचा आकडा दोन रजिस्टरमध्ये विभागला जातो आणि त्यातील कोणते आधी हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असते. महापे येथील एका इमारतीत चौथ्या मजल्याचा वीजवापर उरलेल्या साऱ्या इमारतीहून अधिक दिसत होता आणि भाडेकरूशी वाद वकिलांपर्यंत गेला होता. तिथे ४००/५ चे सीटी (मोठा प्रवाह ठरावीक प्रमाणात कमी करून मीटरला देणारे ट्रान्सफॉर्मर) होते. मीटरने ८० चा गुणक आधीच लावला होता आणि बीएमएसमध्ये कोणीतरी तो पुन्हा लावला होता. तेव्हापासून माझा नियम आहे की प्रत्येक मीटरसमोर एक माणूस, पडद्यासमोर दुसरा, आणि दोघांनी फोनवर आकडे जुळवून सही करायची. आपल्या ४० मीटरना दीड दिवस लागेल. भाडेकरूंची बिले या आकड्यांवरून निघणार असतील तर या दीड दिवसात कसलीही सूट देऊ नये.

नावांची शिस्त याच वेळी लावावी. एकाच तापमानाला चिलरवाला एक नाव देतो, डीडीसीवाला दुसरे आणि क्लाउडवाला तिसरे. इमारत, मजला, उपकरण आणि मोजमाप असा एकच क्रम ठरवून तो सर्व कंत्राटदारांवर बंधनकारक करावा. हेस्टॅक किंवा ब्रिक यांसारख्या खुल्या वर्गीकरणांचा वापर केला तर पुढे प्रणाली बदलताना पॉइंट पुन्हा ओळखत बसावे लागत नाही.

आता ऊर्जाबचतीकडे येतो, कारण आपल्या विक्रेत्याच्या प्रस्तावाचे मुख्य आकर्षण तेच दिसते. चिलरच्या पाण्याचे तापमान ७ अंशांवरून १० अंशांपर्यंत वाढवले की चिलरची वीज कमी लागते, हे खरे आहे. मात्र हा सल्ला कोरड्या हवेच्या प्रदेशांत जितका चालतो तितका तो आपल्याकडे जुलैत चालत नाही. २४ अंश तापमान आणि ५५ टक्के आर्द्रता असलेल्या खोलीतील हवेचा दवबिंदू साधारण १४ अंश असतो. बाहेरून सतत येणारी दमट हवा जमेस धरून खोली त्या पातळीला ठेवायची, तर कॉइलमधून (एएचयूतील थंड पाण्याच्या नळ्यांमधून) बाहेर पडणारी हवा १२-१३ अंशांपर्यंत थंड व्हावी लागते. पाणीच १० अंशांचे दिले तर जुन्या कॉइलला ते जमत नाही, तापमान बरोबर दिसते पण लोक चिकचिक होते म्हणून तक्रार करतात, आणि फायलींना बुरशीचा वास येऊ लागतो. शिवाय पाणी कोमट झाले की एएचयूचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडतात, दाब टिकवण्यासाठी पंपाचा व्हीएफडी वेग वाढवतो, आणि पंपाची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर ठेवला तर वीज जवळपास निम्मी लागते, तोच वेग पूर्ण झाला की चिलरमध्ये वाचवलेले पंपात जाते. चिलर एका प्रणालीच्या आज्ञेत आणि पंप दुसऱ्या प्रणालीच्या आज्ञेत असतील, तर दोन्ही आपापल्या परीने शहाणपणा करीत राहतात आणि बिल तेवढेच येते. पाण्याच्या तापमानाचा अधिकार ज्याला द्याल, त्यालाच पंप आणि टॉवरचे पंखेही द्या, आणि जून ते ऑक्टोबर या काळासाठी आर्द्रतेची कमाल मर्यादा त्याच्यावर लादा. डिसेंबर-जानेवारीत त्याला मोकळीक द्यायला माझी हरकत नाही.

पावसाळ्यातील सोमवारची सकाळ ही स्वतंत्र परीक्षा असते. दोन दिवस बंद असलेल्या मजल्यावर ओलसर हवा साठलेली असते, आणि एएचयू पूर्ण वेगाने सुरू केले की थंड डिफ्यूझरवर (छतातील हवा सोडणाऱ्या जाळीवर) पाणी सुटून ते टेबलांवर ठिबकते. पहिला तासभर बाहेरच्या हवेचे डँपर (झडपा) बंद ठेवून, पंख्याचा वेग कमी ठेवून आतली हवा कोरडी करायची आणि मगच डँपर उघडायचे, हा क्रम डीडीसीमध्येच लिहिलेला असावा. तो क्लाउडवर अवलंबून ठेवू नये.

पुरवठा जाणे आणि परतणे या घटनांची मी सर्वांत जास्त काळजी घेतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग एकदम अंधारात गेला, तो दिवस आपल्यालाही आठवत असेल. करोनामुळे कार्यालये बरीच रिकामी होती हे नशीब. मी ज्या इमारतीत होतो तिथे वीज जाताना फारसे काही बिघडले नाही. ती परतली तेव्हा सर्व पंप आणि पंखे एकाच क्षणी सुरू झाले आणि मुख्य ब्रेकर पडला. तो पुन्हा चढवला, पुन्हा पडला. दुसरी गंमत अशी की काही डीडीसींच्या घड्याळाची बॅटरी कधीच संपलेली होती, त्यामुळे जागे झाल्यावर त्यांना तो दिवस कित्येक वर्षांपूर्वीचा सुट्टीचा वाटला आणि त्यांनी आपले एएचयू सुरूच केले नाहीत. उपाय ठरलेले आहेत. प्रत्येक उपकरणाला पुरवठा परतल्यानंतरचा स्वतःचा विलंब द्यावा, आधी पंप, मग टॉवर, मग चिलर, मग काही सेकंदांच्या अंतराने एकेक एएचयू. डीजीवर काय चालवायचे याची यादी वेगळी असावी. सर्व नियंत्रकांची घड्याळे नेटवर्कवरून जुळवली जावीत. हे सारे प्रत्यक्ष मेन ब्रेकर बंद करूनच तपासावे लागते. त्यासाठी रविवारची रात्र मागावी आणि लिफ्टवाल्याचा माणूस जागेवर ठेवावा.

सायबर सुरक्षेबद्दल थोडेच, कारण ते काम आयटी विभागाच्या बरोबरीनेच करायचे आहे. बॅकनेट आयपी ४७८०८ या पोर्टवर चालतो आणि त्याच्या मूळ रूपात आज्ञा देणारा कोण हे तपासले जात नाही. जो नेटवर्कवर आहे तो चिलर बंद करू शकतो. २०१९ मध्ये मानकात आलेल्या ‘सिक्युअर कनेक्ट’ने ही उणीव भरून काढली, परंतु आपल्याकडचे नियंत्रक त्याआधीचे आहेत. तेव्हा बीएमएसचे नेटवर्क कार्यालयीन संगणकांपासून वेगळे ठेवावे, इंटरनेटवर कोणतेही पोर्ट उघडे ठेवू नये, आणि कंत्राटदाराला दूरस्थ प्रवेश हवा असेल तेव्हाच, ठरावीक काळापुरता द्यावा. अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीत २०१३ मध्ये कोट्यवधी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हा चोर आत शिरले ते वातानुकूलन आणि रेफ्रिजरेशनचे काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या पासवर्डने. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना सहा तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. बीएमएसचा सर्व्हर या व्यवस्थेत मोडतो हे आपल्या आयटी विभागाला आधीच सांगून ठेवावे.

करारात ‘बीएमएस कंपॅटिबल’ हे दोन शब्द कोठेही राहू देऊ नयेत. या शब्दांखाली मला चिलरमध्ये कार्डाची रिकामी खाच मिळाली आहे, आणि ते कार्ड नंतर भल्या मोठ्या किमतीला विकत घ्यावे लागले आहे. त्याऐवजी प्रत्येक पॅकेजच्या निविदेत कोणते पॉइंट वाचता येतील, कोणत्यांना आज्ञा देता येईल, गेटवे कोण पुरवील आणि रजिस्टरची यादी कोणत्या तारखेला मिळेल हे लिहावे. हँडओव्हरला प्रोग्रामचा बॅकअप, सर्व पासवर्ड आणि अभियांत्रिकी सॉफ्टवेअरचा परवाना मालकाच्या नावावर मिळाला पाहिजे. प्रोटोकॉल खुला असूनही प्रोग्राम उघडण्याची किल्ली एकाच कंपनीकडे असली, तर पुढची दहा वर्षे एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) दर तीच ठरवते.

आता विक्रेत्याच्या प्रस्तावाचे. तो सरळ नाकारावा असे मी म्हणणार नाही. ४० मीटर आणि १८ एएचयू यांची एकत्र माहिती मिळणे आपल्याला खरोखर उपयोगी आहे. पण पहिले बारा महिने, म्हणजे एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा, त्या प्रणालीला फक्त वाचू द्यावे. या काळात ती जे बदल सुचवील ते आपल्या ऑपरेटरने पाहून, पटले तर स्वतः अमलात आणावेत आणि न पटल्यास कारण वहीत लिहावे. वर्षाअखेरीस ज्या सूचना सातत्याने बरोबर ठरल्या असतील तेवढ्यांचाच आज्ञेचा अधिकार द्यावा, तोही ऑपरेटरच्या आठव्या पायरीखाली, तापमानाच्या किमान-कमाल मर्यादा डीडीसीमध्ये पक्क्या करून, आणि इंटरनेट तुटल्यास पंधरा मिनिटांत तिची आज्ञा आपोआप सुटेल या अटीवर. विक्रेत्याशी पुढची बैठक होईल तेव्हा इंटरनेटची तार काढून दाखवण्याची विनंती करावी आणि त्यानंतरची पंधरा मिनिटे चिलर काय करतो ते त्याच्या शेजारी उभे राहून पाहावे.